दातवाल्या बाईंची पत्रं

गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसाची दाढ ठणकायला लागली, की तो हमखास बाईंचा जिना चढायला लागायचा. खालचा शिंपी त्याला अर्ध्या वाटेतच अडवायचा. "अहो, त्या दात काढत नाहीत. गोळा करतात." एवढं सांगून तो पुन्हा मशीनवर वाकायचा आणि आलेला माणूस गालावर हात धरून, आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं ना, असा चेहरा करून परत फिरायचा.

बाई विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने काटक, बोलायला तुटक. लग्न का केलं नाहीत असं कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या, छत्री घरी विसरल्यासारखं. देशात अणुस्फोटाच्या चाचण्या सुरू झाल्या त्या वर्षी त्या शांतता समितीच्या सभेला गेल्या. मागच्या रांगेत बसल्या. सगळ्यांची भाषणं झाल्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही ओरडताय ते ठीकच आहे. पण मोजतंय कोण?" सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, आणि मोजायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

मोजायचे होते दुधाचे दात. स्फोटाची धूळ वाऱ्यावर कुठल्या कुठे जाते, पावसाबरोबर गवतावर उतरते, गवतातून गाईच्या पोटात जाते आणि दुधातून लेकराच्या. त्या धुळीतलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम शरीराला कॅल्शियमच वाटतं, म्हणून ते हाडांत आणि दातांत बिऱ्हाड करतं. पोराचं हाड मोजायला कोणती आई देईल? पडलेला दात मात्र देईल. बाईंनी वर्तमानपत्रात चार ओळींचं आवाहन छापून आणलं आणि खुळखुळणारी पाकिटं यायला लागली.

"घ्या बाई, आजची बत्तिशी!" पोस्टमन रोज जिन्याखालून आवाज द्यायचा.

सकाळी चहा झाला की बाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या आणि प्रयोगशाळेत जायची वेळ होईपर्यंत उत्तरं लिहायच्या. मोठ्यांना टाइप करून, मुलांना हाताने. एका मुलाने लिहिलं होतं, "हा दात मी दोरा बांधून पाडला, रडलो नाही, हे बहिणीला पण कळवा." बाईंनी बहिणीला वेगळं पत्र लिहिलं. एक माजी सैनिक दर आठवड्याला शिव्यांचं पत्र पाठवायचा, शेवटी "आपला नम्र" लिहून सही करायचा. त्यालाही उत्तर जायचं. अवघड पत्रं असायची ती आयांची. सगळ्यांचा प्रश्न एकच: पोराला दूध द्यावं की नाही? "द्यावं," बाई लिहायच्या. "दुधाची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही. मात्र..." आणि त्या 'मात्र'पाशी त्यांची बोटं थांबायची. टाइपरायटरवर हात ठेवून त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या.

हळूहळू पाकिटांत काहीतरी बिघडलं. आधी डिंक वेगळा दिसायला लागला, कडेला जरा पिवळट, जरा जास्त. मग परदेशातल्या शास्त्रज्ञांची पत्रं महिनामहिना उशिरा यायला लागली. एकदा तर कमालच झाली. सैनिकाच्या पाकिटातून एका आईचं पत्र निघालं आणि त्या आईच्या पाकिटातून सैनिकाच्या शिव्या. बाई आधी हसल्या. मग त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. कुठेतरी एका टेबलावर ही पत्रं एकत्र उघडी पडली होती आणि परत भरताना कोणाचा तरी घोटाळा झाला होता.

पोस्टमननेही आवाज द्यायचं सोडलं. वर येऊन मुकाट्याने पाकिटं हातात द्यायला लागला.

"हल्ली बत्तिशी म्हणत नाही तुम्ही?"

त्याने पट्टा सारखा केला. "बाई, तुमची पत्रं माझ्याकडे यायच्या आधी एका खोलीत जातात. मला तेवढंच माहीत आहे. पुढचं विचारू नका, लेकुरवाळा माणूस आहे मी."

बाईंचा एकुलता एक धाकटा भाऊ या चाचण्या करणाऱ्या खात्यातच नोकरीला होता. बॉम्ब बनवणारा नव्हे. लांब कुठेतरी, चाचणीच्या मैदानाच्या अलीकडे, खात्याची वसाहत होती, तिथल्या पाणीपुरवठ्याचे पंप त्याच्याकडे होते. बहीण-भावांनी कधी ठरवून बोलून घेतलं नव्हतं, पण कामाचा विषय दोघं काढत नसत. पत्र लिहायची ती भावजय. तिचं पत्र म्हणजे गप्पांचं गाठोडं. "वन्सं, तुमच्या भावाने परत चष्म्यावर बसून दाखवलं," अशी सुरुवात व्हायची आणि शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं यायचं. शेवटी भिंगरी दोन ओळी खरडायची. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून बाईंनीच ते नाव ठेवलं होतं.

एक दिवस वसाहतीतली एक शेजारीण बाहेरगावी चालली होती, तिच्या हातून भावजयीने एक बटणांची डबी पाठवली. आत कापसात एक पुढचा दात आणि चिठ्ठी. "आत्या, जगातल्या सगळ्या मुलांचे दात घेतेस, मग माझा का मागत नाहीस? कट्टी."

वसाहतीतून एकही दात आजवर आला नव्हता. तिथल्या लोकांना असल्या पत्रव्यवहाराची परवानगीच नव्हती. बाईंना खरं तर तो दात मोजायचा नव्हता, पण भिंगरी उत्तर मागितल्याशिवाय राहणार नाही हे माहीत होतं. तसं एकट्या दाताने काय कळणार होतं? पन्नास-साठ दात एकत्र कुटून, जाळून, आम्लात विरघळवून जे उरतं, ते शिशाच्या पेटीतल्या यंत्राखाली ठेवलं की कुठे जेमतेम आकडा हलायचा. त्यांनी भिंगरीचा दात एकटाच विरघळवून यंत्राखाली लावला आणि हात धुवायला गेल्या.

परत आल्या तेव्हा यंत्र टकटकत होतं.

त्यांनी भांडी बदलली. पेटी पुसली. रिकामी ताटली ठेवली, यंत्र गप्प झालं. परत नमुना ठेवला, परत टकटक. बाई स्टुलावर बसल्या. आकडा वाईट होताच, पण त्याहून वाईट गोष्ट त्यांना जरा वेळाने उमगली. पुढचा दात घडतो तो आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या थोड्या महिन्यांत. भिंगरीला आता सातवं लागलं होतं. पहिली चाचणी जाहीर झाली तेव्हा ती तीन वर्षांची होती. म्हणजे चाचण्या सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्या वसाहतीत काहीतरी झालं होतं, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता.

भावाला कसं विचारायचं? पत्र वाटेत आणि वसाहतीतही वाचलं जाणार. बाईंनी साधंच लिहिलं: भिंगरीचा दात मिळाला, कट्टी सोडायला सांग. आणि भिंगरीच्या वेळी तुझ्या बायकोला दिवस होते, तेव्हा तुमच्याकडे पाणी कुठून यायचं रे? असंच आठवलं म्हणून विचारते.

उत्तर भावाच्या हातचं आलं. त्याने पत्र लिहिलं हेच नवल. तीनच ओळी होत्या. "ताई, आता दात मागू नकोस. पाण्याचं मला आठवत नाही. आम्ही इथे अत्यंत आनंदात आहोत." 'अत्यंत आनंदात' हे शब्द त्याने जन्मात कधी वापरले नव्हते. आणि पंपांवर रात्रंदिवस काढलेला माणूस, पाणी कुठलं ते विसरला होता.

त्यानंतर एका रविवारी, भर दुपारी, दार वाजलं. भाऊ उभा होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भिंगरी. गालफडं बसली होती त्याची.

"आत्या, मी विमान पाहिलं!" भिंगरी घरभर फिरून आली. बाईंनी तिला खाली शिंप्याकडे पाठवलं. "काकांना सांग, चिंध्या हव्यात बाहुलीला." पावलं जिन्यावरून उतरली तशी भावाने खुर्ची ओढली.

"किती निघालं?"

"आधी पाणी पी."

"ताई, किती?"

"बाकीच्या मुलांच्या साठ पट."

त्याने पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "म्हणजे काय होईल तिला?"

"माहीत नाही."

"तू शास्त्रज्ञ ना?"

"म्हणूनच माहीत नाही म्हणते. एका दातावरून भविष्य सांगायला मी ज्योतिषी नाही. कदाचित काहीसुद्धा होणार नाही."

"आणि कदाचित?"

बाईंनी पेला पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. खालून शिलाई मशीनची घरघर येत होती. भाऊ त्या आवाजाकडे तोंड करून बोलायला लागला. भिंगरी पोटात असतानाच, वसाहतीला पाणी देणाऱ्या तळ्याकाठच्या खात्याच्या इमारतीचा धोक्याचा भोंगा झाला होता. खिडक्या लावून घ्या म्हणाले, नळ बंद ठेवले. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला, पाणी सोडा. "मी सोडलं. लोक तहानेने कासावीस झाले होते, ताई. नळाला पाणी आलं तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या. भिंगरीची आईसुद्धा."

"तेच पाणी अजून पिताय?"

"दुसरं आहे कुठे?" मग खाली बघत म्हणाला, "तिला परत दिवस गेलेत."

"मग तिला का नाही आणलंस?"

"एकाला बाहेर सोडतात तेव्हा दुसऱ्याला मागे ठेवून घेतात. तसा नियम नाही कुठे लिहिलेला. पण तसंच असतं." त्याने बाईंचा हात धरला. लहानपणी ताप आला की धरायचा तसा. "भिंगरीला ठेवून घे. शाळेत घाल. आणि हे छापू नकोस. मी तिच्या आईला बाहेर काढतो, काहीतरी खटपट करतो. पंधरा दिवस दे मला."

"आणि बाकीची घरं? भिंगरीच्या वर्गातली पोरं?"

"ती पोरं माझ्या डोळ्यांसमोर असतात रोज," तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "तुझ्यासाठी ती पाकिटं आहेत."

हे बाईंना लागलं. पण त्या भांडल्या नाहीत. पंधरा दिवस देते म्हणाल्या. भाऊ संध्याकाळच्या गाडीने परत गेला, भिंगरीला पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगून.

तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही. भिंगरी खिडकीत बसायची आणि रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक टोपीवाल्याला बाबा करायची. बाई सकाळी टेबलाशी बसायच्या, पण उत्तरं पुढे सरकत नव्हती. दूध द्यावं, असं टाइप करताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. वसाहतीतली एखादी बाई याच वेळी नळाखाली पेला धरत असेल. ती कधी विचारणारसुद्धा नाही, कारण तिला असं पत्र लिहायची मुभा नाही. आणि एवढं सगळं माहीत असून आपण तोंडाला कुलूप लावून बसलोय, कारण तिथे आपलं माणूस आहे. इतरांचं तिथे कोणी नव्हतं का?

पंधरवडा संपत आला तसं विभागप्रमुखांनी बोलावणं पाठवलं. भला माणूस होता. बाईंना त्यांनी कधी त्रास दिला नव्हता आणि कधी मदतही केली नव्हती. चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत हवापाण्याचंच बोलत राहिले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "खात्याच्या वसाहतीतला एखादा नमुना तुमच्याकडे आलाय का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला विचारायला सांगितलंय. कोणी, ते मी विचारलं नाही."

"दात आता नाही. मोजायचा म्हणजे विरघळवावा लागतो."

"आणि आकडे?"

"आकडे आहेत."

ते उठून दारापर्यंत गेले, बाहेर डोकावले आणि परत येऊन उभ्यानेच म्हणाले, "उद्या सकाळी माणसं येणार आहेत. दात, वह्या, यंत्र, सगळं उचलतील. मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही." मग आणखी हळू आवाजात, "मलाही नातवंडं आहेत हो."

बाई तडक घरी आल्या. भावाचा निरोप आला असेल म्हणून शिंप्याकडे विचारलं, काही नव्हतं. त्या टेबलाशी बसल्या आणि पहिल्या आईच्या पत्राला उत्तर टाइप करायला घेतलं. या वेळी 'मात्र'पाशी थांबल्या नाहीत. किती निघालं, दात कधी घडला, पहिली चाचणी कधी झाली, आणि यावरून काय सांगता येतं, काय येत नाही, सगळं सरळ लिहिलं. मुलीचं नाव घातलं नाही. त्याने काही झाकलं जाणार नाही हेही त्यांना कळत होतं. कार्बन घालून घालून बोटं काळी झाली. तोच मजकूर त्यांनी मुलांच्या आईवडिलांना लिहिला, डॉक्टरांना लिहिला, शिव्या देणाऱ्या सैनिकालाही लिहिला. भिंगरी समोर बसून तिकिटं चिकटवत होती.

"आत्या, हे सगळ्यांना एकच पत्र?"

"हो."

"मग सगळ्यांना एकत्र बोलावून का नाही सांगत?"

"बोलावू देत नाहीत ग."

अंधार पडायच्या आत समितीतल्या एक शाळामास्तरीण आल्या. त्यांनी पाकिटांचा गठ्ठा पेपर तपासायच्या पिशवीत भरला, वर उत्तरपत्रिका रचल्या आणि दुसऱ्या गावच्या पेटीत टाकायला निघून गेल्या. त्यांचा पाठमोरा पदर दिसेनासा झाल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना पहिल्यांदा रडू आलं. भाऊ शाळेत असताना मार खाऊन आला की त्या त्याच्या बाजूने भांडायला जायच्या. आज त्यांनी त्याला एकट्याला उघड्यावर सोडलं होतं.

माणसं आली, सामान नेलं. बाईंना सक्तीची रजा मिळाली. पण पत्रं पोचली होती. आधी एका लहानशा वर्तमानपत्रात बातमी आली, मग मोठ्यांत. त्या माजी सैनिकाने संपादकाला पत्र लिहून, दातवाल्या बाई काहीही असल्या तरी खोटं लिहीत नाहीत, अशी ग्वाही दिली. खात्याने खुलासा केला: वसाहतीतलं पाणी पूर्णपणे शुद्ध आहे. त्याच आठवड्यात दुसरा खुलासा आला: प्रशासकीय सोयीसाठी वसाहत अन्यत्र हलवण्यात येत आहे. कुठे, ते लिहिलं नव्हतं. समितीच्या लोकांनी बाईंचं अभिनंदन केलं. "चारशे घरं त्या पाण्यापासून सुटली, बाई!" बाई म्हणाल्या, "सुटली की नेली?"

दोन महिन्यांनी भावजयीचं पत्र आलं. पत्त्याच्या जागी नुसता टपालाचा पेटी क्रमांक. भिंगरीने ते हिसकावून घेतलं, खिडकीशी नेऊन वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे आईचं नाहीये."

"अक्षर तिचंच आहे की."

"अक्षर आहे. पण हे आईचं नाहीये."

बाईंनी वाचलं. "आदरणीय ताई, आम्ही सर्वजण येथे कुशल आहोत. हवा उत्तम आहे. मुलीने अभ्यासाकडे लक्ष द्यावे." वन्सं नाही, चष्मा नाही, शेजारीण नाही. पोटातल्या बाळाचा शब्द नाही.

बाई आयुष्यभर तपासण्या करत आल्या होत्या. त्यांनी उत्तर लिहिलं आणि त्यात एक खोटी गोष्ट घातली. "तू लहानपणी नदी पोहून पार केली होतीस, ती गोष्ट काल भिंगरीला सांगितली. फार हसली." भावजय पाण्याला इतकी भ्यायची, की गुडघाभर ओढ्यातही नवऱ्याचा हात सोडायची नाही. हे वाचून ती पानभर चिडली असती.

पंधरवड्याने उत्तर आलं. तेच वळणदार अक्षर. "पोहण्याची आठवण वाचून आनंद झाला."

बाईंनी भावजयीचं एक जुनं पत्र काढून शेजारी ठेवलं. अक्षर कोणीही गिरवू शकतं, किंवा माणसाला समोर बसवून सांगतील ते लिहून घेता येतं. यातलं काय झालं असेल? भिंगरीला त्यांनी ते पत्र दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर टेबलाशी बसून त्यांनी त्याच पेटी क्रमांकावर शेवटचं पत्र लिहिलं. हातानेच लिहिलं, मुलांना लिहायच्या तसं.

"तुम्ही जे कोणी माझ्या भावजयीच्या नावाने लिहिता, त्यांस. तुम्ही माझी सगळी पत्रं वाचली आहेत, म्हणजे पाण्याचं तुम्हाला माहीत आहे. तुमची मुलं कुठलं पाणी पितात, तेवढं पाहून घ्या. आणि माझी माणसं कुठे आहेत ते सांगा. मी कोणाला काही म्हणणार नाही."

त्याला उत्तर आलं नाही. भावजयीच्या नावाचं पत्रही त्यानंतर कधी आलं नाही. बाईंनी खात्याला लिहिलं, न्यायालयाला लिहिलं, लिहायचं म्हणून ज्याला ज्याला लिहिता येतं त्या सगळ्यांना लिहिलं. भाऊ, भावजय आणि ते बाळ यांचं काय झालं, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही.

भिंगरी त्यांच्याकडेच वाढते आहे. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरते, शिंप्याच्या दुकानात बसून गृहपाठ करते, बाबांबद्दल आता विचारत नाही. बाई दर महिन्याला तिला दवाखान्यात नेतात. पहिल्या वेळी "उंची मोजायला जायचंय" असं सांगितलं होतं, आणि तिथे उंचीही मोजतात, म्हणून ते तसंच चालू राहिलं. परवा बूट घालता घालता तिने मान वर केली.

"आत्या, आज उंचीच, की रक्तसुद्धा?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या, आणि तिच्या बुटाचा बंद बांधायला खाली वाकल्या.